लॅपटॉप चालू होताना दिसणारा लोगो: बायोसमधून बदलायचा, विंडोजमधून झाकायचा की थेट चिपला हात घालायचा?

कोल्हापुरात हा प्रश्न घेऊन येणारे मुख्यतः दोघे. एक म्हणजे शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला कारखानदार. त्याला ऑफिसातल्या सगळ्या लॅपटॉपवर आपल्या फर्मचा लोगो हवा असतो. दुसरा म्हणजे राजारामपुरीत सेकंडहँड लॅपटॉप घेतलेला विद्यार्थी. मशीन पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीतून निघालेलं असतं आणि बटण दाबलं की त्या कंपनीचंच नाव झळकतं. दोघांचा प्रश्न एकच असला तरी मी दोघांना एकच उत्तर देणार नाही.

आधी ते चित्र असतं कुठं ते बघू. मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश चिप असते, हल्ली बहुतेक १६ किंवा ३२ एमबीची. लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर (फर्मवेअर), म्हणजे बायोस किंवा आताचं यूईएफआय, त्यातच असतं आणि लोगोही सहसा तिथंच. चालू होताना फर्मवेअर तो पडद्यावर काढतं आणि चित्र मेमरीत कुठं ठेवलंय याची नोंद बीजीआरटी नावाच्या तक्त्यात करून पुढं देतं. विंडोज ८ पासून विंडोज तेच चित्र उचलतं आणि खाली फिरणारे ठिपके दाखवतं. म्हणजे कंपनीचा लोगो आपल्याला सलग दिसला, तरी पहिले काही क्षण तो फर्मवेअरचा असतो आणि नंतर विंडोजचा. कुठला उपाय किती पुरेल हे यावरच ठरतं.

सगळ्यात भरवशाचा मार्ग उत्पादकाने स्वतः ठेवलेला. थिंकपॅडला इथं तोड नाही. लेनोव्होच्या साइटवरून आपल्या मॉडेलचं बायोस अपडेट उतरवायचं, ते उलगडून जे फोल्डर तयार होतं त्यात 'लोगो' नावाची बीएमपी, जेपीजी किंवा जिफ फाइल टाकायची आणि मग अपडेट चालवायचं. फाइल सापडली की हे चित्र वापरायचं का, असं प्रोग्रॅम स्वतःच विचारतो. मर्यादा कडक आहे. बऱ्याच मॉडेलांत फाइल ६० केबीच्या आत लागते, जुन्यांत त्याहून कमी. त्यामुळे डिझायनरने फ्लेक्ससाठी करून दिलेला भलामोठा लोगो चालत नाही. दोन रंगांत, साध्या काळ्या पार्श्वभूमीवर करून घ्या. मूळ लोगो परत हवा असेल तर ती फाइल काढून तेच अपडेट पुन्हा चालवायचं. अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. आपल्याकडं पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळं ही अट मनावर घ्या.

एचपीच्या बिझनेस मॉडेलांतही कंपनीचा लोगो घालायची अधिकृत सोय आहे, पण ती आयटी विभागाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली. पॉवरशेलची (विंडोजमधल्या कमांड टाइप करायच्या साधनाची) कमांड चालवायची सवय असेल तर सोपी जाईल. डेलचं धोरण उलटं. तिथं बऱ्याच मॉडेलांत लोगो बदलताच येत नाही, फार तर बायोसमध्ये 'फुल स्क्रीन लोगो' चालू-बंद करता येतो. मॅकवर हा विषयच नाही.

डेलचा हा कडकपणा मला चुकीचा वाटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्लॅक हॅट परिषदेत बायनार्ली या कंपनीच्या संशोधकांनी 'लोगोफेल' नावाने त्रुटींचा एक संचच मांडला. लोगोचं चित्र वाचणाऱ्या फर्मवेअरच्या भागातच दोष होते. मुद्दाम बिघडवलेली चित्रफाइल ठेवली की विंडोज सुरू होण्याआधीच, सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी तपासणी) ओलांडून, हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. एएमआय, इनसाइड आणि फिनिक्स या तिन्ही मोठ्या बायोस बनवणाऱ्यांच्या फर्मवेअरमध्ये हे सापडलं. डेलची बहुतेक मशीन वाचली, कारण त्यांचा लोगो इंटेल बूट गार्डच्या, म्हणजे बायोसमध्ये फेरफार झालाय का ते तपासणाऱ्या सोयीच्या, संरक्षणाखाली असतो. म्हणून लोगो बदलायचाच असेल तर आधी बायोस अद्ययावत करा आणि चित्र स्वतः तयार केलेलं घ्या, कुठल्यातरी साइटवरून उतरवलेलं नको.

आता विंडोजकडून करायचे दोन उपाय. विंडोज सुरू होण्याची सेटिंग बदलणाऱ्या बीसीडीएडिट कमांडने 'बूटयूएक्सडिसेबल्ड' ऑन केलं की विंडोजच्या टप्प्यातला लोगो आणि ठिपके दोन्ही जातात. फर्मवेअरचा लोगो सुरुवातीला दिसतोच, पण नंतर पडदा काळा राहतो. बिघडण्यासारखं काही नाही, तीच कमांड उलटी दिली की सगळं पूर्ववत. अपडेट चालू असेल तर त्याचीही खूण पडद्यावर दिसत नाही, एवढा तोटा. माणूस घाबरून पॉवर बटण दाबून ठेवतो. म्हणून घरात आणखी कोणी तो लॅपटॉप वापरत असेल तर हा उपाय मी करणार नाही.

दुसरा उपाय हॅकबीजीआरटी. हा मोफत प्रोग्रॅम विंडोजच्या आधी चालतो आणि बीजीआरटीतलं चित्र बदलून टाकतो. दिसायला छान, पण पाया डळमळीत. पूर्वी त्यासाठी सिक्युअर बूट बंदच करावं लागायचं. नव्या आवृत्तीत ते चालू ठेवूनही जमतं, मात्र बूटच्या वेळी आपल्या हाताने त्या प्रोग्रॅमची डिजिटल 'की' (किल्ली) मान्य करावी लागते. विंडोजचं मोठं अपडेट आलं की केलेलं पुसलं जाऊ शकतं. आणि बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय, म्हणजे एन्क्रिप्शन) चालू असेल तर पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. हल्ली विंडोज ११ होममध्येही एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. ही रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते का, हे आधी बघा. नाही सापडली तर या वाटेला जाऊ नका. बायोस अपडेट करतानाही हीच काळजी: बिटलॉकर आधी सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं बंद, करायचं.

विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्स) वापरणाऱ्यांचं काम सोपं. २०.०४ पासून तोही उत्पादकाचाच लोगो दाखवतो, पण सुरुवातीचा पडदा दाखवणाऱ्या प्लायमाउथची थीम बदलली की त्याच्या टप्प्यापुरता प्रश्न मिटला.

राहिला चिपचा मार्ग. सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण) काही शे रुपयांत मिळतो, क्लिप लावून चिप वाचायची, चित्र बदलायचं, परत लिहायची. व्हिडिओत दहा मिनिटांचं काम वाटतं. प्रत्यक्षात काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ लावले की संपल्या. बूट गार्ड असलेल्या मशीनमध्ये एक बाइट चुकीच्या जागी बदलला तरी लॅपटॉप चालूच होत नाही. मूळ प्रत जपून ठेवली नसेल तर बोर्डच बदलायची वेळ येते. मेलेला बायोस जिवंत करायला हे साधन उत्तम, पण नुसत्या लोगोसाठी रोजच्या वापराचं मशीन कधीही उघडू नका.

तर कारखानदारांनो, तुमचे लॅपटॉप थिंकपॅड किंवा एचपीच्या बिझनेस मालिकेतले असतील तर अधिकृत मार्गाने खुशाल लोगो घाला. पुढच्या बायोस अपडेटनंतर तो टिकलाय का, एवढं बघायचं. मशीन वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर सरळ लॉकस्क्रीनवर लोगो लावा. लोकांना तोच जास्त वेळ दिसतो.

आणि सेकंडहँडवाल्यांनो, जुन्या कंपनीचं नाव दिसतंय तर लोगो पुसायच्या आधी दुकानातच दोन गोष्टी तपासा. बायोसमध्ये शिरताना सुपरवायझर पासवर्ड मागतो का? थिंकपॅडचा तो पासवर्ड माहीत नसेल तर लेनोव्होचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदलणं हेच आहे. दुसरं, विंडोज रीसेट करून वाय-फाय जोडलं की त्या कंपनीचं लॉगिन पुढं येतं का? आलं तर मशीन अजून ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांच्या लॅपटॉपची नोंद ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) त्यांच्या नावावर आहे आणि ते काढणं त्यांच्याच हातात आहे. यातलं एकही निघालं तर पैसे देऊ नका, दुसरं मशीन दाखवा म्हणा.