हॉल दीडशेचा, तिकिटं दोनशे दहा

दारावर एक मुलगी टेबल टाकून बसली होती. समोर एक कागद, कागदावर सात रकाने, प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकेका बँडचं नाव. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "कुणासाठी आलात?" उत्तर मिळालं की त्या रकान्यात एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. आमच्या ड्रमरची मावशी असल्या कार्यक्रमाला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. ती म्हणाली, "भाच्यासाठी." मुलीने कागदाच्या कडेला, जिथे 'इतर' लिहिलं होतं, तिथे रेघ मारली.

त्या रेघेचा आमच्या पैशांशी काय संबंध, हे तेव्हा मावशीलाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही.

आम्ही पाच जण. गायिका, बेस, ड्रम, कीबोर्ड आणि गिटारवर मी. संगीतावर कुणाचंच पोट नाही. आठवड्यातून एकदा भाड्याच्या खोलीत सराव करतो, वर्षातून चार-पाच वेळा कुणाच्या तरी ओळखीने वाजवायला मिळतं. तासाभराचा सेट बसवलेला आहे, बहुतेक कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, दोन गाणी आमची स्वतःची. असा बँड फसवायला फार सोपा, कारण त्याला पैसे नको असतात, स्टेज हवं असतं. आणि हे समोरच्याला पहिल्याच फोनवर कळतं.

आयोजकाचा फोन मला आला. "सर, तुमचा व्हिडिओ बघितला, आमच्या टीमला फारच आवडला." मी विचारलं, कुठलं गाणं आवडलं? तो म्हणाला, "सगळीच." आमचा व्हिडिओ तोवर एकच होता आणि त्यात गाणंही एकच. हे मी त्याच रात्री बाकीच्यांना हसत हसत सांगितलं. सगळे हसले. आणि मग आम्ही होकार कळवला.

योजना अशी. बँडची स्पर्धा, सात बँड, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. परीक्षक म्हणून 'लेबलची माणसं', म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांची. तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण. ड्रमसेट आणि अँप्लिफायर तिथलेच. प्रवेश फी नाही, फक्त अनामत, तीही परत मिळणारी. प्रत्येक बँडने तीस तिकिटं विकायची, जी उरतील त्यांचे पैसे अनामतीतून वळते होणार. ऐकायला रास्त वाटलं. आपण वाजवतोय तर आपली चार माणसं आणायला काय हरकत आहे?

अनामतीची रक्कम बरोबर तीस तिकिटांच्या किमतीएवढी होती. हा गुणाकार आमच्यापैकी एकानेही केला नाही. आमचा बेसवाला दिवसभर हिशेबाचंच काम करतो, त्यानेही नाही. म्हणजे आम्ही पहिलं तिकीट विकण्याआधीच त्याच्या खिशात आमची तीसच्या तीस तिकिटं खपलेली होती. त्यानंतर हॉलमध्ये माणूस येवो न येवो, त्याचं काही बिघडत नव्हतं.

पैसे पोचले आणि 'सर' चं 'मित्रा' झालं. करार आला तो कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, चार पानी, "फक्त फॉर्मॅलिटी आहे, सही करून फोटो पाठवा" असं म्हणत. मी सराव संपवून, दिवे बंद करता करता, मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर तो वरवर चाळला आणि सही केली. यात दुसऱ्या कुणाची चूक नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दुपारीच पोचलो. ड्रमसेट होता, पण झांजा नव्हत्या, स्नेअर नव्हता, किकचं पेडल नव्हतं. आमचा ड्रमर शांत होता, कारण या वस्तू ज्याने त्याने आपापल्या आणायच्या हा रिवाजच आहे. दुसऱ्याच्या पातळ झांजा फोडून ठेवणारे ड्रमर कमी नाहीत. दुसऱ्या एका बँडचा पोरगा मात्र रिकाम्या हाताने आला होता आणि त्याची तिथेच भांडणं सुरू झाली. हे मुद्दाम सांगतोय, कारण स्टेजवर न मिळालेली प्रत्येक गोष्ट फसवणूक नसते. काय मिळणार हे आधी लेखी विचारायचं असतं, एवढंच.

साऊंडचेक साधारणपणे उलट्या क्रमाने होतं. शेवटी वाजवणारा बँड आधी तपासून घेतो, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच्या तशी स्टेजवर राहते आणि कार्यक्रम लगेच सुरू करता येतो. आम्हाला पहिला नंबर सांगितला होता, म्हणून आम्ही शेवटची वाट बघत बसलो. दार उघडायला दहा मिनिटं असताना तो आला आणि म्हणाला, "ए, तुमचा बँड कुठला? तुम्ही आता शेवटी." आता 'मित्रा' पण गेलं. थोडक्यात, आमचं साऊंडचेक झालंच नाही. आणि आम्ही पहिले म्हणून वेळेवर आलेली आमची माणसं आता सहा बँड ऐकत बसणार होती.

साऊंडवाला मात्र भला माणूस होता. माझी गिटार थेट मिक्सरला लावायची तर मध्ये डीआय बॉक्स हवा, गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेलसा करणारी एक डबी. तिथे होता तो ॲक्टिव्ह, मिक्सरकडून अठ्ठेचाळीस व्होल्ट मिळाल्याशिवाय न चालणारा, आणि त्या चॅनेलवर ती वीज, म्हणजे फँटम पॉवरच, येत नव्हती. त्याने स्वतःच्या पेटीतून एक साधा, विजेशिवाय चालणारा पॅसिव्ह काढून दिला. केबल गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाला, "दादा, मागच्या कार्यक्रमाचे मलाही अजून मिळायचेत." तेव्हाच सामान उचलून निघायला हवं होतं.

चौथा बँड वाजवत असताना मी पाणी शोधायला बाहेर आलो. दाराशेजारच्या भिंतीवर पाटी होती: आसनक्षमता १५०. कितीदा तरी त्या पाटीसमोरून गेलो असेन. सात बँड, प्रत्येकी तीस तिकिटं. दोनशे दहा. दीडशेच्या हॉलची दोनशे दहा तिकिटं विकायला दिली होती, कारण एवढी माणसं येणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं गिऱ्हाईक प्रेक्षक नव्हतेच. गिऱ्हाईक आम्ही होतो. सात बँड म्हणजे सात गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाने आगाऊ पैसे भरलेले. आत बघितलं तर पन्नासेक डोकी. ज्याचा बँड वाजवून झाला त्याची माणसं त्याच्याबरोबरच निघून जात होती.

आम्ही चढलो तेव्हा समोर मोजून चौदा जण. मावशी होती, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली. पंचवीस मिनिटांचं आश्वासन होतं, चौदाव्या मिनिटाला दिवे लागले. आमचं स्वतःचं दुसरं गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत आलं होतं. गायिका तशीच गात राहिली, माईक बंद झाला तरी. त्या चौदा जणांना ऐकू गेलं असावं.

परीक्षक पहिले दोन बँड संपले तेव्हाच उठून गेले होते.

हिशेबाचं सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. आम्ही एकोणीस तिकिटं विकली होती, त्याचे पैसे कार्यक्रमाच्या आधीच त्याला दिले. उरली अकरा. म्हणजे अनामतीतून अकरांचे पैसे कापून एकोणीसचे परत यायला हवे होते. आठवड्याने त्याने दारावरच्या त्या कागदाचा फोटो पाठवला. आमच्या रकान्यात नऊ रेघा. मावशी 'इतर'मध्ये. "गाणी ऐकायला" म्हणणारे 'इतर'मध्ये. माझ्या ऑफिसातल्या तिघांनी बँडऐवजी माझं नाव सांगितलं, तेही 'इतर'मध्ये. आणि करारात, जो मी दिवे बंद करता करता वाचला होता, 'विकलेली तिकिटं' असे शब्द नव्हतेच. तिथे होतं: 'बँडच्या नावे उपस्थित प्रेक्षक'. फोनवर तिकिटं, कागदावर प्रेक्षक. त्या एका शब्दात आमची दहा माणसं गायब झाली, ज्यांच्या तिकिटांचे पैसे तो आधीच घेऊन बसला होता.

उरलेल्या नऊंतून 'ध्वनिव्यवस्था शुल्क' गेलं. मग 'संगीत परवाना शुल्क'. दुसऱ्याची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर परवाना लागतो हे खरं, पण तो साधारणपणे हॉलवाल्याने किंवा आयोजकाने काढायचा असतो, स्टेजवरच्या बँडने नव्हे. परवान्याची प्रत मागितली. आली नाही. शेवटी शिल्लक शून्य. अनामत तीस तिकिटांची, वर विकलेली एकोणीस: एकोणपन्नास तिकिटांचे पैसे देऊन आम्ही चौदा मिनिटं वाजवलं.

इथवर मी आमच्या मूर्खपणाच्या खात्यात टाकलं असतं. पण दहा दिवसांनी निरोप आला: अभिनंदन, परीक्षकांनी तुमची अंतिम फेरीसाठी निवड केली आहे. पुन्हा अनामत, पुन्हा तिकिटं, या वेळी चाळीस. खोटं कशाला बोलू, निरोप वाचून पहिला अर्धा मिनिट मला आनंद झाला. ड्रमरने तर विचारलंही, "मग जायचं ना?" त्या निरोपाच्या शेवटच्या ओळीत आमच्या नावाऐवजी दुसऱ्याच बँडचं नाव राहून गेलं होतं. त्या बँडच्या कीबोर्डवाल्याशी त्या दिवशी ओळख झाली होती, म्हणून त्याला फोन लावला. त्यांचीही निवड झाली होती. मग एकेक करून विचारत गेलो. सातच्या सात बँड अंतिम फेरीत.

ही युक्ती काही त्याने शोधलेली नाही. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरचे क्लब नव्या बँडना आधी तिकिटांचे गठ्ठे विकत घ्यायला लावायचे आणि मगच स्टेज द्यायचे. खपली नाहीत तर नुकसान बँडचं. 'पे टू प्ले', म्हणजे वाजवायचं तर पैसे भरा, हे नाव तेव्हापासून वाजवणाऱ्यांच्या तोंडी आहे. आम्हाला ते ठाऊक होतं. जुन्या रॉक बँडचे किस्से आम्ही सरावानंतर चवीने सांगायचो. फक्त आपलंही तेच चाललंय हे ओळखू आलं नाही, कारण इथे त्याचं नाव 'परत मिळणारी अनामत' होतं.

चित्रीकरणाचं राहिलं. तीन कॅमेऱ्यांऐवजी एक होता. फाइल हवी तर 'संपादन शुल्क' भरा, असा निरोप. आम्ही भरलं नाही. मग आमच्या गाण्याचा तुकडा त्यांच्या जाहिरातीत दिसला. करारात एक ओळ होतीच, चित्रीकरणाचे सर्व हक्क आयोजकांकडे. गाणं आमचं आहे, ते आमचंच राहतं. गाण्याचा हक्क वेगळा आणि त्याच्या ध्वनिचित्रमुद्रणाचा वेगळा. कलाकाराच्या संमतीशिवाय त्याचं सादरीकरण मुद्रित करू नये, हे तत्त्व कलाकारांच्या हक्कांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय रोम करारातही आहे. पण त्याच रोम करारात असंही आहे की चित्रीकरणाला एकदा संमती दिली की त्यापुढे हे संरक्षण लागू होत नाही. आणि संमती तर मी मोबाइलवर सही करून दिली होती. दोन्ही बाजूंनी अडकलो.

आता कुणी बोलावलं की पहिला प्रश्न मी विचारतो, हॉलमध्ये किती माणसं बसतात आणि बँड किती. तिकिटं विकायची असतील तर न विकलेली परत घेणार का, आणि मोजणी तिकिटांची की माणसांची, हे दोन्ही लेखी. आगाऊ पैसे आमच्याकडून कशासाठीही नाहीत. नवशिक्यांनी फुकट वाजवू नये असं मी म्हणणार नाही, आम्ही अजूनही फुकट वाजवतो, आनंदाने. फुकट वाजवणं वेगळं आणि पैसे भरून वाजवणं वेगळं. आधी वाजवून गेलेल्या एका तरी बँडशी बोलतो, पण आयोजकाने दिलेल्या नंबरवर नाही, तो आपण स्वतः शोधायचा. आणि करार आदल्या संध्याकाळी आला तर गेलो नाही तरी चालेल अशी मनाची तयारी ठेवतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. मावशीला तारीख सांगून झालेली असते.

सातपैकी पाच बँड मिळून आम्ही लेखी तक्रार दिली आहे, पैसे भरल्याच्या पावत्या आणि रेघांच्या कागदाचा फोटो जोडून. सहावा बँड म्हणतो, जाऊ द्या. सातवा अंतिम फेरीला गेला होता.

गेल्या आठवड्यात नवं पोस्टर आलंय. नवी तारीख, नवे सात बँड, आणि मधोमध फोटो आमच्या गायिकेचा, डोळे मिटून गातानाचा. फोटो काढा म्हणून तिने दोनदा लिहिलंय. उत्तर नाही.