कुत्र्याच्या पिल्लाच्या हृदयातला पीडीए: छाती उघडून बांधायचा की पायातून वायर घालून बंद करायचा?

जन्माआधी फुफ्फुसं काम करत नसतात, म्हणून रक्ताला बायपास देणारी एक नळी असते, ती जन्मानंतर काही दिवसांत आपोआप बंद व्हायला हवी आणि नाही झाली की त्याला पीडीए म्हणतात. डाव्या काखेत अगदी वर स्टेथो लावला की मशीन चालू असल्यासारखी सलग घरघर येते, कधीकधी नुसता हात ठेवला तरी थरथर लागते.

ऑपरेशनमध्ये डाव्या बरगड्यांमधून आत जाऊन नळीला दोऱ्याने गाठ मारतात. पिल्लू कितीही छोटं असलं तरी हे जमतं हा मोठा फायदा, पण नळीची मागची बाजू मोकळी करताना ती फाटली तर रक्तस्राव जीवावर बेततो, त्यामुळे इथे सर्जनचा हात महत्त्वाचा. वर छातीचे टाके दुखतात ते वेगळंच.

दुसऱ्या प्रकारात मांडीच्या धमनीतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) वर नेतात आणि नायटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीचं बूच नळीत बसवतात. जखम एवढीशी, पिल्लू दुसऱ्या दिवशी उड्या मारायला तयार (आवरायचं तुम्ही!). मात्र साधारण 3 किलोच्या आतल्या पिल्लाची धमनी बारीक पडते, आणि नळीचा आकार सगळीकडून सारखाच रुंद असेल तर बूच सरकू शकतं.

माझं मत, वजन आणि नळीचा आकार जुळत असेल तर कॅथेटरच. चिवावा, पोमेरेनियनसारखं चिमुकलं असेल तर वजन वाढायची वाट बघत बसू नका, सरळ ऑपरेशन करा, कारण तोवर हृदय फुगत जातं. आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) नळीतलं रक्त उलट्या दिशेने जाताना दिसलं तर दोन्ही पर्याय बाद, तेव्हा नळी बंद करणंच घातक.