लग्नातला डीएसएलआर न्यावा की छोटा मिररलेस?

"मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो चांगले येतीन नं भाऊ?" परतवाड्याच्या एका पोरानं विचारलं. तो लग्नाच्या ऑर्डरी घेतो, निकॉन डी७५० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) वापरतो आणि जूनमध्ये मनालीजवळच्या ५,२८९ मीटर उंच फ्रेंडशिप पीकला निघालाय. सोबत्यांचे चढतानाचे फोटो काढायचेत. मित्राचा सोनी ए६४०० हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा छोटा कॅमेरा, उसना मिळतोय.

वजन आधी बघू. डी७५० आणि २४-१२० लेन्स मिळून दीड किलोच्या वर जातात, ए६४०० आणि त्याची १६-५० लेन्स जेमतेम सव्वापाचशे ग्रॅम. मंडपात हा फरक खांद्याला कळतो, वर दमाला. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मोठा कॅमेरा छातीवर असला की क्रॅम्पॉनचा (बर्फासाठी बुटाला लावलेल्या खिळ्यांचा) पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, उतरताना तर मुळीच नाही. मग तो सॅकमध्ये जातो. एका दोराला बांधलेल्या माणसांना सॅक उघडण्यासाठी थांबवणं बरं नव्हे. पुढचा गडी धारेवर आभाळाला भिडून उभा दिसतो तो दोन-चार सेकंदच. छोटा कॅमेरा पट्ट्यावरच्या पाऊचमधून तेवढ्यात निघतो.

१९५३ साली हिलरींनी एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंगचा फोटो काढला तो कोडॅक रेटिना या छोट्या कॅमेऱ्यानं. गारठू नये म्हणून तो त्यांनी शर्टाच्या आत ठेवला होता.

बॅटरीत मात्र डीएसएलआर सरळ जिंकतो. कंपन्यांच्या चाचणीत डी७५० एका बॅटरीवर १,२३० फोटो देतो, ए६४०० साधारण ४१०. थंडीत दोन्ही आकडे घसरतात. आपण मे महिन्यात ४५ अंशांत वराती काढणारी माणसं, थंडीत बॅटरी जपायची सवय आपल्याला नसते. मिररलेस नेलास तर चार बॅटऱ्या ने, दिवसा आतल्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेव. गारठून बंद पडलेली बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते.

हातमोज्यांतही डी७५०च सोयीचा, पकड आणि बटणं मोठी आहेत. बर्फाचा उजेड ओळखायला मिररलेस बरा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला करडं करतो, म्हणून एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे लागतात, आणि मिररलेसमध्ये ते क्लिक करण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे: सोनी उसना घे. डी७५० विकू मात्र नकोस, त्यात दोन कार्डं बसतात. लग्नात एक कार्ड दगा देऊन गेलं तर दुसरं असतं, ए६४००ला एकच खाच आहे.

जूनआधी दोन रविवार चिखलदऱ्याला जा. गाविलगडाच्या चढावर जाड हातमोजे घालून, पाठीवर भरलेली सॅक घेऊन, चालता चालता एका हातानं कॅमेरा काढून बघ. खालून काढलास तर चढणाऱ्याची नुसती पाठ येते. वळणावर थोडा पुढे जाऊन, बाजूनं चेहरा, हात आणि खालची दरी एका चौकटीत घ्यायला तिथेच शीक. कॅमेऱ्याची दोरी हार्नेसला (चढताना कमरेला बांधायच्या पट्ट्याला) अडकवायची, हेही तिथेच अंगवळणी पाड. वरून सुटलेला कॅमेरा खालच्या माणसाच्या डोक्यावर जातो.