इंटेल एक्स५२०-डीए२ : शेपिंगच्या सर्व्हरला जुनं १० गिगचं कार्ड घ्यावं का

घ्या, बिनधास्त घ्या. शेपिंग म्हणजे प्रत्येक ग्राहकाला ठरलेला वेग वाटून देणं, ते करणारा सर्व्हर म्हणजे शेपर, आणि हे त्यात बसणारं नेटवर्क कार्ड. पण बसवताना नीट बघून बसवा, कारण मुंबईत छोट्या केबलवाल्या आयएसपींकडे हे कार्ड बऱ्याच ठिकाणी आहे आणि नेट स्लो झालं की पहिला आळ याच्यावरच येतो, आणि माझ्या मते दहातल्या नऊ वेळा हा आळ खोटा असतो.

कार्ड साधं आहे, २००९ ची ८२५९९ चिप, दोन एसएफपी प्लस पोर्ट (फायबरचं मॉड्यूल किंवा केबल खोचायच्या जागा), पीसीआयई २.० चे ८ लेन (मदरबोर्डशी डेटा नेणाऱ्या वाटा). लॅमिंग्टन रोडला सर्व्हरमधून काढलेली रिफर्बिश्ड मिळतात, नव्या एक्स७१० च्या मानाने बरीच स्वस्त. लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीपासून असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

आता खरा मुद्दा. भांडुपच्या एका ऑपरेटरकडे शेपरमध्ये हे कार्ड होतं आणि रात्री नऊनंतर सगळे घरी आले, मॅच लागली की ट्रॅफिकचा ग्राफ ३ गिगच्या (सेकंदाला ३ गिगाबिट) आसपास जाऊन सपाट व्हायचा, वर हलायचाच नाही. सीपीयू तर निवांत. ते म्हणाले, दादा नवीन कार्डच आणू या का? म्हटलं थांबा, आधी स्लॉट बघू. एलएसपीसीआय या लिनक्स कमांडमध्ये लिंक स्टेटसची ओळ बघितली तर रुंदी ८ च्या ऐवजी १! साधा डेस्कटॉपचा बोर्ड होता, स्लॉट दिसायला लांबलचक १६ चा पण आत वायरिंग कमी, आणि दुसरे स्लॉट भरले की त्याच्या वाट्याला एकच लेन उरते. पीसीआयई २.० ची एक लेन म्हणजे कागदावर ४ गिगाबिट, त्यातून पॅकेटचा वरखर्च गेला की ३ च्या आसपासच उरतं. कार्ड बिचारं काय करणार! डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) लॉगमध्ये, ड्रायव्हरने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं की बँडविड्थ कमी पडतेय, पण ते कोणी वाचत नाही, सगळे ग्राफ बघत बसतात. सीपीयूजवळच्या पूर्ण ८ लेनच्या स्लॉटमध्ये टाकलं आणि ती अडचण तिथेच संपली.

पण मग दुसरी वर आली, आणि या कार्डाचा रिव्ह्यू लिहिताना हीच सगळ्यात महत्त्वाची. शेपर होता बीएनजीच्या (ग्राहकांचं लॉगिन घेणाऱ्या राउटरच्या) आधी, म्हणजे ग्राहकांचा सगळा ट्रॅफिक पीपीपीओईमध्ये, म्हणजे लॉगिनच्या प्रोटोकॉलमध्ये, गुंडाळलेला. ही चिप पॅकेट वेगवेगळ्या क्यूमध्ये (रांगांमध्ये, प्रत्येक रांग एका कोरकडे) वाटते ती आयपी पत्ता आणि पोर्ट बघून, पण पीपीपीओईच्या आतलं आयपी तिला दिसतच नाही, मग सगळं शून्य नंबरच्या क्यूमध्ये. सोळा खिडक्या उघड्या आणि रांग मात्र एकाच खिडकीला! टॉप कमांडमध्ये १ दाबून बघा, एक कोर सॉफ्ट इंटरप्टने (पॅकेट हाताळण्याच्या कामाने) १०० टक्के आणि बाकीचे झोपलेले दिसतील, एकूण सरासरी बघितली तर कळणारच नाही. इथटूल या कमांडच्या आकड्यांमध्ये आरएक्स मिस्ड (कार्डाकडून सुटलेली पॅकेट) वाढत जातं. लोक मग रिंग बफर (पॅकेट थांबायची जागा) ५१२ वरून ४०९६ करतात, त्याने आकडा थोडा वेळ थांबतो पण कोर तेवढाच भरलेला असतो आणि वर लेटन्सी वाढते, गेम खेळणाऱ्या पोरांचे फोन येतात ते वेगळंच.

यावर दोन उपाय. आरपीएस ही लिनक्सची सोय चालू करा, म्हणजे कर्नल स्वतः पीपीपीओईच्या आत बघून काम बाकीच्या कोरना वाटतो. त्याने लगेच दिलासा मिळतो, पण सगळं पहिल्यांदा एकाच कोरवर उतरतं ते उतरतंच. मला पटलेला उपाय म्हणजे शेपर बीएनजीच्या पुढे, नॅटच्या (ग्राहकांचे खाजगी पत्ते बदलणाऱ्या टप्प्याच्या) आत हलवणं, तिथे साधं आयपी येतं, ग्राहकाचा पत्ताही दिसतो आणि कार्डाच्या क्यू खऱ्या अर्थाने कामाला लागतात. भांडुपला तेच केलं.

आणि हो, शेपिंगचा स्वतःचा एक घोळ आहे जो कुठलंही महागडं कार्ड आणून सुटणार नाही. पूर्ण इंटरफेसवर एकच एचटीबीचं (वेग वाटणाऱ्या लिनक्सच्या पद्धतीचं) झाड लावलं की त्याला लॉक एकच, म्हणजे एका वेळी एकच कोर आत, कोर कितीही असोत, सगळे त्या लॉकवर ताटकळत उभे. म्हणून वर एमक्यू (कार्डाच्या क्यू वेगळ्या ठेवणारं) आणि प्रत्येक क्यूखाली वेगळं एचटीबी, आणि एका ग्राहकाची पॅकेट एक्सडीपीने (ड्रायव्हरपाशीच पॅकेट हाताळायची सोय) कायम एकाच कोरला पाठवायची. लिब्रेक्यूओएस हे शेपिंगचं मोफत सॉफ्टवेअर हेच करतं, खाली केक किंवा एफक्यू कोडेल (रांग छोटी ठेवून लेटन्सी आवरणाऱ्या पद्धती) लावतं, आणि या कार्डाच्या ड्रायव्हरला एक्सडीपी येतं. छोटी पॅकेट जोडून मोठी करणाऱ्या दोन सोयी असतात, त्यातला जीआरओ चालू राहू दे, पण एलआरओ बंदच हवा, फॉरवर्डिंगमध्ये तो पॅकेट बिघडवतो.

मार्क कापायचे तर मी दोन गोष्टींसाठी कापेन. एक, दुसऱ्या कंपन्यांचे एसएफपी मॉड्यूल ड्रायव्हर सरळ नाकारतो, ड्रायव्हरचं अलाउ अनसपोर्टेड एसएफपी हे सेटिंग १ करावं लागतं, नाहीतर पोर्टच दिसत नाही आणि माणूस घाबरतो. डॅक केबलने (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तांब्याच्या छोट्या केबलने) काम होत असेल तर तीच वापरा. दुसरं म्हणजे उष्णता. याच्या हीटसिंकवर पंखा नाही, सर्व्हरमधल्या जोराच्या हवेवर ते थंड राहतं, आणि आपल्याकडे रॅक असतो जिन्याखालच्या खोलीत, मे महिन्यात, एसी नसलेल्या. डेस्कटॉपच्या डब्यात टाकत असाल तर एक छोटा पंखा थेट हीटसिंकवर मारा, हे टाळू नका.

दुकानात घेताना कार्ड डब्याला बसवायच्या फुल हाइट आणि हाफ हाइट दोन्ही पट्ट्या मागून घ्या, आणि शक्य असेल तर तिथल्याच मशीनमध्ये लावून लिंकची रुंदी ८ दाखवतेय ना ते बघूनच पैसे द्या.