लिव्हर, बटण की कायम चालू: जुन्या फोर बाय फोरची पारख

सेकंड हँड फोर बाय फोर दाखवताना विकणारा लिव्हर ओढतो, डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि तो म्हणतो, "बघा, चालू आहे." बहुतेक गाड्यांत तो दिवा एका स्विचवर लागतो. पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचला की नाही, हे त्या दिव्यावरून कळत नाही. ते कसं तपासायचं, हे गाडीच्या प्रकारावर अवलंबून आहे.

लिव्हरवाली पार्ट-टाइम, म्हणजे गरज पडेल तेव्हाच चारही चाकांना जोर देणारी. हिच्यात मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो. फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत जोर नेणारे दांडे) एकमेकांना बांधले जातात. वळताना मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. हा ताणच इथे चाचणीला उपयोगी पडतो. सैल खडीवर फोर हाय टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि गाडी हळू गोल फिरवा. ती अडखळली, टायर खडी खरवडू लागले, तर पुढचा एक्सल जोडला गेलाय. टू हायसारखीच (फक्त मागच्या चाकांना जोर) अलगद फिरली, तर नाही. हे डांबरावर करू नका, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो.

दोष नेमका कुठे आहे ते जॅकवर कळतं. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचं एक चाक उचला, खाली स्टँड द्या. इंजिन बंद, फोर हाय टाकलेलं, हब (चाकाला त्याच्या शाफ्टशी जोडणारा भाग) लॉक. (ऑटो हब असतील तर आधी गाडी फोर हायमध्ये थोडी चालवून घ्या.) आता चाक हाताने फिरता कामा नये. फिरलंच, तर खाली बघा. चाकाबरोबर त्याचा शाफ्ट फिरत नसेल, तर त्याच चाकाचा हब गेलाय. शाफ्ट फिरतो पण पुढचा प्रॉपेलर शाफ्ट स्थिर आहे, तर दुसऱ्या बाजूचा हब किंवा एक्सलमधली जोडणी बघा. प्रॉपेलर शाफ्टही फिरत असेल, तर दोष ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी). हब व्हॅक्यूमवर चालत असतील, तर आधी रबरी नळ्या तपासा. तडकलेली नळी बदलणं हे सगळ्यांत स्वस्त काम.

फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी पण ताकद जास्त) गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून टाकायचं. पहिल्या गिअरमध्ये चढ चढा, मग ॲक्सिलरेटर सोडून तोच उतार उतरा. लिव्हर उडून बाहेर आला, तर नशीब चांगलं असल्यास फक्त लिंकेजची (लिव्हर ते केस जोडणाऱ्या दांड्यांची) सेटिंग बिघडलेली असते. नाहीतर शिफ्ट फोर्क (केसमधला गिअर सरकवणारा काटा) झिजलाय, म्हणजे केस उघडावी लागणार. जोर लागताच 'कडाक्' असा आवाज येत असेल, तर चेनवाल्या केसमध्ये चेन सैल पडून दात सोडत असण्याची शक्यता मोठी.

बटणवाली. आतली यंत्रणा बहुधा हीच, फक्त हाताऐवजी मोटर काम करते. म्हणून वरच्या चाचण्या तर कराच, शिवाय इंजिन थंड असताना आणि गरम झाल्यावर तीन-तीनदा टू हाय, फोर हाय, फोर लो आणि परत असा फेरा करा. दिवा काही सेकंद लुकलुकणं ठीक, लुकलुकतच राहिला तर शिफ्ट अर्धवट आहे. बॅटरी अशक्त असली तरी असंच होतं, ती आधी तपासा. "फोर बाय फोर कधी वापरलंच नाही" ही या गाडीची तारीफ नव्हे. वर्षानुवर्षं न हललेली मोटर जाम होते.

कायम चालू. इथे निकाल उलटा वाचायचा. सेंटर लॉक (मधला डिफरन्शियल बांधून ठेवणारा लॉक) काढून, कोरड्या रस्त्यावर पूर्ण वळणावर गाडी अलगद फिरलीच पाहिजे. अडखळली, तर व्हिस्कस कपलिंग (दाट द्रवातून जोर पोचवणारी जोडणी) असलेल्या गाडीत ते जाम झालेलं असू शकतं. लॉक असेल, तर तो लावल्यावर खडीवर अडखळणं दिसायला हवं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. तीन झिजलेले नि एक नवा असेल, तर सरळ रस्त्यावरही कपलिंगला उसंत मिळत नाही.

पावसात, ओल्या-कोरड्या रस्त्यांवर रोजचा वापर असेल, तर कायम चालू प्रकार सोयीचा. तपासायला तासभरच मिळणार असेल, तर लिव्हरवालीच घ्यावी, तिच्यात दोषांना लपायला जागा कमी.

तिन्ही प्रकारांत ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बघाच. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बहुधा ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याची वाट). ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडा लगदा चालतो, धातूचे तुकडे नाही.

टू हायमध्ये परतल्यावर दिवा विझला नाही, तर घाबरू नका. गाडी सरळ चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, शाफ्टमधला ताण सुटतो. तरीही विझला नाही, तर मग फोर्क, मोटर किंवा स्विच.