वर्क मेम वाढवायचा की क्वेरीला हात घालायचा?

पोस्टग्रेस डेटाबेसवर रिपोर्ट रखडला की पहिला सल्ला ठरलेला: वर्क मेम (work_mem, क्वेरीतल्या सॉर्टसारख्या कामांना मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा) वाढवा. आम्हीही एकदा ४ एमबीच्या डिफॉल्टवरून थेट २५६ एमबी केला, तोही अख्ख्या सर्व्हरसाठी. रिपोर्ट पळायला लागला. महिनाअखेरीला मात्र रॅम संपली, लिनक्सच्या ओओएम किलरने पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली, आणि पोस्टग्रेसने बाकीची सगळी कनेक्शनं तोडून रिकव्हरी सुरू केली.

वर्क मेम ही मर्यादा ना सर्व्हरची, ना कनेक्शनची. ती प्रत्येक सॉर्टची आणि प्रत्येक हॅशची (जॉइन किंवा ग्रुपिंगसाठी मेमरीत बनणारा तक्ता). एका क्वेरीत तीन सॉर्ट आणि अशी १०० कनेक्शनं एकदम आली, तर २५६ × ३ × १०० म्हणजे ७५ जीबी. पॅरलल वर्कर (एकच क्वेरी वाटून घेणाऱ्या जादा प्रोसेस) असतील तर प्रत्येकाचा हिशेब आणखी वेगळा. आवृत्ती १५ पासून हॅशला डिफॉल्टनेच दुप्पट मुभा आहे. म्हणून सरसकट वाढ मी फक्त मोजक्या कनेक्शनांच्या, निव्वळ रिपोर्टसाठी ठेवलेल्या सर्व्हरवरच करेन.

त्यापेक्षा सेट लोकल ही कमांड खूपच बरी. वाढ त्या एका ट्रान्झॅक्शनपुरती, कमिट झालं की मूळ आकडा परत. आधी ट्रान्झॅक्शन सुरू करणारं बिगिन मात्र हवंच. नाहीतर नुसती वॉर्निंग येते आणि फरक काहीच पडत नाही. मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेक क्लायंटना वाटून देणारा पूलर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर साधं सेट वापरूच नका, ती सेटिंग दुसऱ्याच क्लायंटच्या गळ्यात पडते.

पण खरी कमाई क्वेरीत असते. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावलं (ही कमांड क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवते), तेव्हा सॉर्टखाली 'एक्स्टर्नल मर्ज, डिस्क', म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर उतरलेला, आणि पुढे जवळपास २१० एमबी दिसले. (डिस्कवरचा आकडा नेहमी कमी दिसतो, तेवढाच डेटा मेमरीत जास्त जागा खातो.) वर सॉर्टच्या ओळीत विड्थ (एका रोची अंदाजे सरासरी लांबी, बाइटमध्ये) होती ११८०. सगळेच कॉलम मागणाऱ्या सिलेक्ट स्टारमुळे शेऱ्याचा लांबलचक कॉलम प्रत्येक रोबरोबर सॉर्टमध्ये फरफटत होता, आणि रिपोर्टमध्ये तो छापलाही जात नव्हता! लागणारे चारच कॉलम ठेवले, विड्थ ४८ वर आली आणि तोच सॉर्ट ३२ एमबीत मावला. शेवटी तो आकडाही सेट लोकलनेच दिला, सर्व्हर परत ४ एमबीवर.

इंडेक्सने सॉर्टच टळतो, पण प्रत्येक इन्सर्टवर त्याचा भार पडतो. महिन्यातून एकदा चालणाऱ्या रिपोर्टसाठी मी तो बनवणार नाही. दिवसभर चालणाऱ्या यादीसाठी नक्की बनवेन.

तुमची आवृत्ती १२ किंवा त्याआधीची असेल, तर ग्रुप बायकडे आधी बघा. तिथे हॅश अ‍ॅग्रिगेट (हॅशने केलेलं ग्रुपिंग) डिस्कवर उतरतच नाही. प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा) अंदाज चुकला की वर्क मेम कितीही कमी ठेवा, मेमरी वाढतच जाते. अशा वेळी टेबलवर अ‍ॅनालाइझ (टेबलची आकडेवारी ताजी करणारी कमांड) चालवून अंदाज सुधारणं आणि १३ किंवा पुढची आवृत्ती घेणं, हे उपाय.