बारावी केमिस्ट्रीचं कापलेलं एनसीईआरटी पुस्तक, शिकवणाऱ्याच्या नजरेतून

पाचपैकी तीन स्टार देतोय, त्यातले दोन तर ऑरगॅनिकचेच आहेत. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, आमच्या एकाच वर्गात सीईटीवाली आणि नीट-जेईईवाली पोरं बसतात त्यामुळे सीईटीसाठी बालभारती आणि नीट-जेईईसाठी एनसीईआरटी अशी दोन्ही पुस्तकं कायम टेबलावर असतात.

कोविडनंतर ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीने धडे काढले, अकरावीचे १४ चे ९ झाले आणि बारावीचे १६ चे १०. ओझं कमी व्हायलाच हवं होतं, मेटलर्जीतल्या भट्ट्या आणि पॉलिमरचे मोनोमर पाठ करण्यात पोरांचा जीव जायचा. माझी तक्रार कापायच्या पद्धतीवर आहे. अख्खे धडे उचलून बाजूला ठेवले, पण त्या धड्यातलं काय पुढे कुठे लागतं हे बघितलेलं दिसत नाही.

अकरावीचा स्टेट्स ऑफ मॅटर गेला, त्याच्याबरोबर गॅस लॉज गेले आणि डाल्टनचा पार्शल प्रेशरचा नियमही गेला, म्हणजे मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा दाब मिळवला की एकूण दाब येतो तो. आता बारावीचं पुस्तक उघडा. पहिलाच धडा सोल्युशन्स, त्यात हेन्रीचा नियम (दाब वाढला की द्रवात वायू जास्त विरघळतो), मग राउल्टचा (द्रावणातल्या घटकाचा बाष्पदाब त्याच्या प्रमाणावर ठरतो), आणि तिथे सरळ डाल्टनच्या नियमाने दोन्ही घटकांचे दाब मिळवून एकूण बाष्पदाब काढलाय. पोरगं विचारतं, सर डाल्टनचा कुठला नियम, तो अणुसिद्धांतवाला का? त्याचं काय चुकलं? अकरावीतसुद्धा थर्मोमध्ये वायूच्या प्रसरणाचं वर्क काढायचं असो नाहीतर इक्विलिब्रियममध्ये केसीवरून केपी (समतोलाचा स्थिरांक सांद्रतेतून दाबात न्यायचा), पीव्ही इज इक्वल टू एनआरटी हे वायूंचं समीकरण लागतंच. फिजिक्समध्ये कायनेटिक थिअरीत हे येतं, मान्य, पण तो धडा वर्षाच्या शेवटाकडे असतो आणि तोवर आमचं थर्मो कधीच उरकलेलं असतं. अख्खा धडा नको होता, गॅस लॉजची आठ पानं ठेवली असती तरी भागलं असतं.

दुसरा घोळ पी-ब्लॉकचा, म्हणजे आवर्तसारणीच्या उजवीकडच्या मूलद्रव्यांच्या धड्याचा. पुस्तकातून काढला, पण २०२४ च्या नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमात पी-ब्लॉक आहे. मग पोरं अप्पा बळवंत चौकात जुन्या आवृत्त्या शोधत फिरतात, ज्याला पुण्यात यायला जमत नाही तो कुणाच्या तरी झेरॉक्सवर वाचतो. सॉलिड स्टेटचं उलटं आहे, नीटला नाही पण बालभारतीत पहिलाच धडा तो, म्हणजे सीईटीला करावाच लागतो. एकाच बाकावरच्या दोघांना मी वेगवेगळं सांगतो.

आता चांगलं काय ते. ऑरगॅनिकला हात कमी लावलाय आणि त्याचा फायदा वर्गात रोज दिसतो. हॅलोअल्केन, अल्कोहोल, आल्डिहाइड, अमाइन ही साखळी शाबूत आहे, मागच्या धड्यातली रिॲक्शन पुढच्यात कामाला येते आणि पोरांना ती ओळखीची वाटते. धड्याच्या मधेमधे येणारे प्रश्न तर फार छान, मी गृहपाठाला तेच देतो. हेन्रीच्या नियमाला सोड्याची बाटली आणि खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांना होणारा बेंड्सचा (वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा) त्रास ही उदाहरणं अजून आहेत हे बघून बरं वाटलं.

शिक्षकांचं मत घ्यायचंच असेल तर व्यवस्थित घ्या हो. एका कार्यशाळेत आमच्याकडून फॉर्म भरून घेतला होता, समोर धड्यांची यादी आणि पुढे ठेवावा की काढावा यावर नुसती टिकमार्क करायची. आम्ही मागच्या बाजूला हाताने लिहून दिलं की कुठला मुद्दा पुढच्या कुठल्या धड्याला लागतो, पुढे त्याचं काय झालं काही कळलं नाही. मला वाटतं विचारायचं तेच होतं, हा धडा गेला तर तुमचा पुढचा कुठला तास अडतो? वीस वर्षं शिकवलेली बाई पाच मिनिटांत सांगेल, तिला रिपोर्ट लिहायची गरज नाही.

तर पुस्तक घ्या, ऑरगॅनिक आणि कायनेटिक्ससाठी नक्की घ्या, पण सोल्युशन्स सुरू करण्याआधी दोन तास बाजूला काढून फळ्यावर बॉईल, चार्ल्स, डाल्टन शिकवून घ्या. मी जूनमध्ये तेच करतो, पोर्शन आठवडाभर मागे पडतो पण राउल्टच्या वेळी कुणी अणुसिद्धांतवाला डाल्टन विचारत नाही.